वाळूवर उभा राहिलेला कारखाना

बिडाची वस्तू वाळूत जन्माला येते, ही गोष्ट ती वापरणाऱ्याच्या सहसा ध्यानात येत नाही. विहिरीवरच्या पंपाचे आवरण, उसाच्या चरकाचे दातेरी चाक, लोखंडी नांगराचा फाळ या साऱ्यांनी आपला आकार कधीतरी ओलसर वाळूच्या साच्यातून घेतलेला असतो. काम झाले की साचा मोडला जातो आणि तीच वाळू चाळून दुसऱ्या दिवशी दुसऱ्या वस्तूसाठी वापरली जाते. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचे नाव मराठी माणसाच्या मनात लोखंडी नांगराशी कायमचे जोडले गेले आहे, आणि ते योग्यच आहे. परंतु तो नांगर ज्या वाळूतून निघाला तिचीही एक कथा आहे. ज्या पदार्थावर या गृहस्थाने आपला सारा संसार मांडला, त्या पदार्थाचे शास्त्र त्या काळी जगात कोणापाशीच तयार नव्हते. ते आजही पूर्ण झालेले नाही.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. शाळेच्या पुस्तकांत त्यांचे मन रमत नसे. हात मात्र चित्रात आणि यंत्रात रमत. १८८५ साली ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. दोन वर्षे गेल्यावर त्यांना काही रंगांतला भेद नीट ओळखता येत नसल्याचे उघड झाले. चित्रकार होऊ पाहणाऱ्या तरुणावर याहून क्रूर आघात कोणता असू शकेल? लक्ष्मणरावांनी रंग बाजूला ठेवले आणि यांत्रिक रेखनाकडे मोर्चा वळवला. यंत्राच्या आराखड्याला रंग लागत नाही. काळी रेघ आणि अचूक माप एवढे पुरते. पुढे मुंबईच्याच व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते या विषयाचे शिक्षक झाले. संस्थेची कार्यशाळा आणि तिथली यंत्रे हीच त्यांची खरी शाळा ठरली. अभियांत्रिकीची पदवी त्यांनी कधी घेतली नाही.

दरम्यान त्यांनी मुंबईतून सायकली घेऊन बेळगावला बंधू रामूअण्णांकडे पाठवण्यास सुरुवात केली होती. रामूअण्णा त्या विकत, शिवाय सायकल चालवायला शिकवण्याचे पैसे वेगळे घेत. ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ या नावाचा जन्म असा सायकलींच्या दुकानावर झाला. संस्थेत जी बढती लक्ष्मणरावांच्या वाट्याला यायची ती डावलून एका अँग्लो-इंडियन उमेदवाराला दिली गेली, तेव्हा त्यांनी नोकरीला रामराम ठोकला आणि ते बेळगावला परतले. त्या काळातल्या किती कर्तबगार माणसांचे आयुष्य अशा एखाद्या नाकारलेल्या बढतीने घडले, याचा कोणी हिशेब मांडला तर तो रंजक ठरेल.

बेळगावच्या ठळकवाडीत छोटा कारखाना उभा राहिला. पहिले उत्पादन होते कडबा कापण्याचे यंत्र. जनावरांसमोर अख्ख्या पेंढ्या टाकल्या की निम्मा कडबा पायदळी जातो. त्याची बारीक कुट्टी केली तर तोच कडबा दुप्पट पुरतो, हा साधा व्यवहार त्यामागे होता. १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर तयार झाला. लाकडी नांगर जमीन नुसती ओरखडतो. लोखंडी नांगर ती खोलवर उलथतो, हरळी आणि कुंदा मुळासकट वर काढतो. विलायतेहून येणाऱ्या नांगरांनी हे दाखवून दिलेच होते. तरीही शेतकरी बिचकला. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी त्याची समजूत होती. पहिले सहा नांगर खपायला दोन वर्षे लागली. ज्याचे सगळे पीक एका जमिनीच्या तुकड्यावर अवलंबून आहे, त्याने नव्या वस्तूला घाबरावे यात हसण्यासारखे काही नाही. लक्ष्मणरावही हसले नाहीत. ते नांगर सुधारत राहिले.

या सुधारण्याचा मोठा भाग ओतशाळेत होत असे, आणि तिथे गाठ पडायची ती वाळूशी.

साच्याची वाळू म्हणजे नदीकाठची नुसती रेती नव्हे. तिच्यात थोडी चिकणमाती आणि शंभर भागांस तीन-चार भाग पाणी असते. लोखंडी चौकटीत लाकडी नमुना ठेवतात, त्यावर वाळू चाळून पसरतात आणि धुम्मसाने ठोकत जातात. नमुना अलगद काढून घेतला की त्याच्या आकाराची पोकळी उरते. तीत १३०० अंश सेल्सिअसच्या वरचा लोखंडाचा रस ओततात. सांगायला सोपे, करायला महाकठीण. वाळू कमी ठोकली तर रसाच्या भाराने साच्याची भिंत सरकते आणि वस्तू बेढब निघते. जास्त ठोकली तर वाळूतल्या पाण्याची वाफ आणि रसातला वायू बाहेर पडायला वाट राहत नाही. तो धातूतच अडकतो आणि वस्तू आतून पोकळ, भोकाभोकांची निघते. असा फाळ शेतात पहिल्याच दगडाला तुटणार, आणि शेतकऱ्याची भीती खरी ठरणार. ठोकणाऱ्या हाताचा एक अंदाज चुकला तर कारखान्याची पतच जावी, असे हे काम. हा अंदाज पुस्तकात मिळत नाही. मूठभर वाळू दाबून, मोडून, तिचा कडा कसा तुटतो ते पाहून मोल्डर तो ठरवीत असे. अजूनही पुष्कळ ठिकाणी ठरवतो.

वाळू असे का वागते? एक कण घेतला तर तो साधा दगडाचा तुकडा. त्याचे वजन, टणकपणा, सारे मोजता येते. लाखो कण एकत्र आले की मात्र त्यांची वागणूक कोणत्याही एका खान्यात बसत नाही. ढीग करून ठेवला तर माणूस त्यावर उभा राहतो. वाळू घन पदार्थासारखी भार पेलते. ढिगाचा उतार तीस-पस्तीस अंशांच्या पुढे गेला की ती पाण्यासारखी वाहू लागते. आणि एखाद्या थाळीत थोडी वाळू घेऊन थाळी जोरजोराने खालीवर हलवली तर कण उसळतात, एकमेकांवर आदळतात, सैरावैरा उडतात. त्या क्षणी ती वाळू वायूसारखी वागत असते. भडभुंज्याच्या कढईत उसळणाऱ्या लाह्या किंवा सुपात पाखडले जाणारे जोंधळे पाहिलेल्या कोणालाही हे दृश्य परके वाटू नये.

वायूसारखी, हा नुसता अलंकार नाही. हवेचे रेणू सतत धावत असतात आणि त्यांच्या धावण्याच्या जोमालाच आपण तापमान म्हणतो, हा सिद्धांत स्कॉटलंडच्या जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६० साली गणिताने मांडला. उसळत्या वाळूच्या कणांनाही असाच वेग असतो, तेही दाब देतात, आणि त्यांच्या गतीवरून एक प्रकारचे तापमान काढता येते. फरक इतकाच, की या तापमानाचा उष्णतेशी काही संबंध नाही. खोलीतल्या उष्णतेची ऊर्जा वाळूचा बारीक कण त्याच्या स्वतःच्या जाडीइतका वर उचलायलाही अब्जावधी पटींनी अपुरी पडते. म्हणून वाळूला वायू करायचे तर तिला बाहेरून हलवावे लागते, आणि सारखे हलवत राहावे लागते. हवेचे रेणू एकमेकांवर आदळून थकत नाहीत. वाळूचे कण थकतात. दर टकरीत थोडी गती उष्णतेच्या रूपाने निघून जाते. हलवणे थांबले की तो वायू क्षणार्धात कोसळून पुन्हा ढीग होतो. मजा अशी, की कमी हलवले तर परिणाम नेमका उलटा होतो. हलक्या टिचक्या मारल्या की कण एकमेकांच्या फटींत सरकतात आणि वाळू अधिकाधिक घट्ट बसते. धान्य मोजणारा मापाला टिचकी मारतो की नाही, यावर खेड्यात भांडणे होत ती उगाच नव्हे. शिकागो विद्यापीठात १९९५ साली काचेच्या मण्यांच्या नळीला हजारो टिचक्या मारून ही घट्ट होण्याची गती मोजली गेली. ती दर टिचकीगणिक इतकी मंदावत जाते, की शेवटची मजल कधी गाठलीच जात नाही असे दिसले.

थोडे हलवले तर घट्ट, फार हलवले तर वायू. ओतशाळेला या दोन्ही टोकांची गरज असते. साचा भरताना पहिले हवे, साचा मोडताना दुसरे. पुढे आलेल्या यंत्रांत साच्याची चौकटच पुन्हा पुन्हा उचलून आपटतात. तशाने नमुन्याजवळची तळाची वाळू चांगली बसते, वरचा थर मात्र सैल राहतो आणि तो वरून दाबावा लागतो. का, ते समजायला वर सांगितलेले गणित लागते; पण दाबावा लागतो एवढे मोल्डरला गणिताआधीच ठाऊक झाले होते.

लक्ष्मणरावांच्या काळी या विषयावर विद्वानांनी केलेले काम बोटांवर मोजण्याइतके होते. मायकेल फॅरेडे यांनी १८३१ साली थरथरणाऱ्या पत्र्यावर बारीक पूड टाकून तिचे ढीग कसे उभे राहतात आणि आतल्या आत कसे फिरतात ते टिपले होते. फॅरेडे हे लोहाराचे पुत्र, पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी केलेले, पदवी नसलेले. हाताने विचार करणाऱ्या माणसांची ही जात सर्व देशांत सारखीच असते. १८८५ साली, म्हणजे लक्ष्मणराव जे. जे. मध्ये शिरले त्याच वर्षी, मँचेस्टरच्या ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी दाखवून दिले, की घट्ट बसलेली वाळू दाबली की ती आधी फुगते, कारण कणांना एकमेकांना ओलांडायला जागा लागते. समुद्राच्या ओल्या वाळूवर पाऊल टाकले की पावलाभोवतीची वाळू क्षणभर कोरडी दिसते, ती यामुळेच. यातले काही ठळकवाडीपर्यंत पोहोचण्याची शक्यता नव्हती. तिथे शास्त्र चालत होते ते पडलेल्या आणि मोडलेल्या वस्तूंच्या ढिगावरून.

१९१० साली बेळगावच्या नगरपालिकेने ठळकवाडीची जागा नव्या वसाहतीसाठी घेतली आणि चालता कारखाना उठवावा लागला. लक्ष्मणराव चाळिशी ओलांडलेले. हाती भांडवल नाही. यंत्रे कुठे मांडायची हा प्रश्न. या वेळी मदतीला आले औंधचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी. औंध संस्थान छोटे आणि विखुरलेले. राजधानी आजच्या सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यात, तर एक तुकडा दक्षिणेला कुंडलच्या आसपास. बाळासाहेब १९०९ साली गादीवर आले होते आणि ते स्वतः चित्रकार होते. औंधातल्या एका बांधकामाच्या निमित्ताने लक्ष्मणरावांशी त्यांचा संबंध आला होता. एका चित्रकार राजाने रंग न ओळखणाऱ्या चित्रकाराला कारखान्यासाठी हात द्यावा, हा योगायोग मोठा गोड आहे. राजांनी कुंडल रोड स्थानकाजवळची ३२ एकर जमीन आणि १० हजार रुपयांचे कर्ज दिले.

जमीन म्हणजे निवडुंगाने भरलेले माळरान होते. सापांचा सुळसुळाट, पाण्याचे दुर्भिक्ष. मार्च १९१० मध्ये पंचवीस कामगार आणि त्यांची कुटुंबे तिथे उतरली. त्या जागेचे नाव झाले किर्लोस्करवाडी. १९४९ मध्ये सातारा जिल्ह्याचा दक्षिण भाग वेगळा काढण्यात आला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. पलूस तालुक्यातली ही वाडी म्हणून आज सांगलीची, तिला जन्म देणारे औंध साताऱ्याचे.

वाडीवर जमलेली माणसे पाहिली तर कोणत्याही आजच्या मनुष्यबळ अधिकाऱ्याने हात टेकावेत. शंभूराव जांभेकर हे यंत्रांचे जाणकार, पण ते ज्ञान त्यांनी स्वतःच्या हिमतीवर मिळवलेले. अनंतराव फळणीकर शाळेत न रमलेले. मंगेशराव रेगे हिशेब आणि पत्रव्यवहार सांभाळणारे. रामूअण्णांनी वसाहत आखली, रस्ते काढले, झाडे लावली. रात्रीच्या पहाऱ्यासाठी लक्ष्मणरावांनी दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा भोगून आलेल्या दोघांना नेमले, आणि त्यांनी पहारा चोख केला. वाडीत शिवाशिव पाळायची नाही, हा दंडक होता. १९१० च्या दशकात, सनातनी वळणाच्या या मुलखात, हा दंडक बोलायला सोपा आणि चालवायला अवघड होता. तो चालला, याचे एक कारण ओतशाळेत सापडते. भट्टी फुटून रस वाहू लागला की पळी धरायला शेजारी कोण उभा आहे, त्याची जात विचारायला कोणाला सवड नसते.

पहिल्या महायुद्धाने वाडीला एकाच वेळी हात दिला आणि गळाही धरला. विलायती नांगरांची आवक आटली, त्यामुळे मागणी धावत आली. पण कच्चे लोखंड आणि दगडी कोळसा मिळेना. राजर्षी शाहू महाराजांनी जुन्या तोफा नांगर ओतण्यासाठी दिल्या, ही हकीकत कोल्हापूर भागात सर्वश्रुत आहे. नांगराचे गावोगाव प्रात्यक्षिक करणाऱ्या फिरत्या विक्रेत्यांत एक उंचापुरा तरुण होता, भाऊराव पाटील. पुढे ४ ऑक्टोबर १९१९ रोजी त्यांनी कऱ्हाडजवळच्या काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. खेड्यापाड्यांतल्या शेतकऱ्याच्या घरात शिरण्याची त्यांची हातोटी नांगर विकताना घडली असावी, असे मानायला जागा आहे. भाऊराव नंतर सातारा रोडच्या कूपर कारखान्याकडे गेले आणि तिथेही नांगरच निघू लागले. कृष्णेच्या खोऱ्यात ओतकामाची परंपरा अशी रुजली.

१९२० साली व्यवसायाला मर्यादित कंपनीचे रूप आले. त्याच वर्षी शंकरराव किर्लोस्कर यांच्या संपादनाखाली ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागले. नंतरच्या ‘किर्लोस्कर’, ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ या मासिकांनी मराठी मध्यमवर्गाला काय दिले, तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रे, उसाचे चरक, असे एकेक उत्पादन वाढत गेले. लक्ष्मणरावांचे पुत्र शंतनुराव अमेरिकेच्या मॅसेच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून यंत्र अभियांत्रिकी शिकून १९२६ मध्ये परतले. वडिलांचा अनुभव आणि मुलाचे गणित आता एका छपराखाली आले. पंपांचे युग याच सुमारास सुरू झाले.

पंपाने ओतशाळेची परीक्षा अधिक कडक केली. नांगराचा फाळ भरीव; पंप आतून पोकळ. ही आतली पोकळी साधायची तर साच्याच्या पोटात वाळूचाच गाभा बसवावा लागतो. चारी बाजूंनी वितळलेले लोखंड येत असताना त्याने वाकायचे नाही, आतला वायू बाहेर जाऊ द्यायचा, आणि लोखंड थिजल्यावर मात्र अरुंद वाटेने पूर्ण बाहेर निघायचे. रस ओतेपर्यंत दगड आणि नंतर सुटी रेती, अशी दोन रूपे त्याच्याकडून हवी असतात. हे दुसरे रूप हादऱ्यांनी मिळते. वस्तू ठोकतात, थरथरवतात. गाभा भंगतो, कण सुटे होऊन उसळतात आणि बाहेर पडतात. आधुनिक कारखान्यांत यासाठी कंपन करणाऱ्या जाळ्या असतात. एका नव्या पद्धतीत तर फोमचा नमुना चौकटीत ठेवून भोवती कोरडी सुटी वाळू ओततात. पेटी थरथरवली की वाळू पाण्यासारखी कोपऱ्याकोपऱ्यांत शिरते आणि तिथेच घट्ट होते. माती नाही, पाणी नाही, फक्त कंपन.

कंपनाचा जोर नेमका किती, यावर सारे अवलंबून असते, आणि इथेच दाणेदार पदार्थांच्या अभ्यासकांना आश्चर्याचे धक्के बसले. मॅक्सवेल यांनी १८६७ साली एका राक्षसाची कल्पना केली होती. वायूने भरलेल्या पेटीच्या दोन कप्प्यांमधल्या छोट्या दारावर हा बसतो, वेगवान रेणू एकीकडे आणि संथ रेणू दुसरीकडे सोडतो. खऱ्या वायूत असे आपोआप कधी घडत नाही. उसळत्या वाळूत घडते. मधल्या भिंतीला फट असलेली दोन कप्प्यांची पेटी घ्यायची, दोन्हीकडे सारखे कण टाकायचे आणि पेटी हलवायची. जोर मोठा असेपर्यंत कण दोन्हीकडे सारखे राहतात. जोर एका मर्यादेखाली उतरला की हळूहळू बहुतेक सगळे एकाच कप्प्यात गोळा होतात. ज्या बाजूला योगायोगाने चार कण जास्त, तिथे टकरी जास्त. टकरी जास्त म्हणून गती कमी. गती कमी म्हणून फटीपर्यंत उडी पोहोचत नाही. आलेले कण तिथेच अडकतात. जर्मनीत १९९६ साली हा प्रयोग दाखवला गेला आणि १९९९ मध्ये त्याचे गणित मांडले गेले. त्याआधी १९९३ मध्ये संगणकावर दिसले होते, की हलवणे थांबवलेला असा वायू विरत जाताना आपोआप पुंजके करू लागतो. वाळू सगळीकडे सारखी पसरेल हे गृहीत धरणारा ओतकाम करणारा फसतो. साच्याच्या एका कोपऱ्यात वाळू घट्ट आणि दुसऱ्यात पोकळ का राहिली, ही त्याची जुनी तक्रार आहे.

लक्ष्मणरावांच्या आयुष्यातला सर्वांत कटू प्रसंग उतारवयात आला. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची हत्या झाली आणि मारेकरी महाराष्ट्रीय ब्राह्मण असल्याचे कळताच सातारा, सांगली, कोल्हापूर भागात ब्राह्मणांच्या घरांवर व मालमत्तांवर जमाव चालून गेले. किर्लोस्करवाडीचा कारखानाही पेटवण्यात आला. ज्या वाडीने अडतीस वर्षे जात बाहेर ठेवली होती, तिला जातीच्याच नावाने आग लागली. जमावात आजूबाजूच्या गावांतली माणसे होती. त्यांच्यातल्या कित्येकांच्या शेतात वाडीचा नांगर चालत असणार. लक्ष्मणराव तेव्हा ७८ वर्षांचे होते. या घटनेची चर्चा महाराष्ट्रात दीर्घकाळ दबक्या आवाजात होत राहिली, आणि तिची पुरती उलटतपासणी झाली असे आजही म्हणता येणार नाही. कारखाना पुन्हा उभा करण्यात आला. भट्ट्या पुन्हा पेटल्या, वाळू पुन्हा चाळली गेली. ८ मार्च १९४८ रोजी औंध संस्थान विलीन झाले आणि वाडीचा राजाश्रयही इतिहासजमा झाला.

तोवर उद्योगाच्या शाखा दूरवर पसरल्या होत्या. हरिहरला यंत्रे बनवण्याची यंत्रे निघत होती, १९४६ मध्ये पुण्यात तेलइंजिने आणि बंगळूरला विद्युत मोटारी यांचे कारखाने सुरू झाले होते. कारभार पुढच्या पिढीच्या हाती होता. २६ सप्टेंबर १९५६ रोजी पुण्यात लक्ष्मणरावांचे निधन झाले. १९६९ साली त्यांच्या जन्मशताब्दीच्या दिवशी, २० जूनला, भारतीय टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले.

कोल्हापूर, सांगली आणि सातारा या पट्ट्यात आज शेकडो ओतशाळा आहेत. संगणकावर साच्याचे चित्र उभे करून रस कुठे आधी थिजेल ते पाहता येते, आणि ते बऱ्यापैकी बरोबर येते. वाळू कुठे किती घट्ट बसेल हे सांगणारे गणित मात्र अजून तितके भरवशाचे नाही. पुणे–मिरज मार्गावरच्या कुंडल रोड स्थानकाचे नाव बदलून किर्लोस्करवाडी झाले आहे. स्थानकाजवळच्या कारखान्यात आजही पंप बनतात.